दोनच प्रश्न

गल्ल्यामागे, नॅपकिनच्या खोक्यांवर
एक लॅमिनेट केलेला कागद आहे. रसनं चिकटवलेला.
पहिला: हा प्राणी अपंगत्वामुळे सोबत लागतो का?
दुसरा: त्याला कोणतं काम शिकवलंय?
खाली लाल शाईत: बस्स. पुढे एक अक्षर नाही.
आजार विचारायचा नाही. दाखला मागायचा नाही.
‘करून दाखव’ म्हणायचं नाही.

जानेवारीत डुलुथला सरोवरावरून वारा येतो
तो दार उघडत नाही, दारासकट आत येतो.
तसा मंगळवारी ऑर्विल टँगन आत आला
आणि त्याच्या गुडघ्याशी
घोडा.

शिंगरू नव्हे. पुरता वाढलेला घोडा,
उंचीला आमच्या पाच नंबरच्या टेबलाएवढा,
पाठीवर पट्टा, पट्ट्याला मूठ, आणि चारही खुरांना
लहान मुलांचे बूट. निळे, वेलक्रोचे,
फरशीवर घसरू नये म्हणून.

मला कामाला लागून सहा आठवडे झाले होते.
कागदाच्या अगदी तळाशी, मुंगीएवढ्या टाइपात,
तो सापडला: छोटा घोडा, जागेत सोय होत असेल तर.
मी दोन्ही प्रश्न विचारले, शाळेतल्या पाढ्यासारखे.
‘हो,’ तो म्हणाला. ‘आणि वाट दाखवणं.
तुम्ही मध्येच उभ्या आहात, हे यानंच सांगितलं.’

तीन नंबरवरच्या बाईनं काटा खाली ठेवला.
रस ॲप्रनला हात पुसत बाहेर आला,
कुजबुजला, ‘आता तबेला उघडायचा का?’
मी नियमावर बोट ठेवलं.
म्हणजे खरोखरच ठेवलं.
कागदावर अजून आहे, अंड्याच्या बलकाचा ठसा.

टर्निप त्याचं नाव. टेबलाखाली गेला,
एक पाय सैल सोडून उभ्यानंच पेंगला.
मीठ-बर्फाचं पाणी बुटांतून ओघळत राहिलं.

सूप ढवळत ऑर्विल बोलला. मी काही विचारलं नव्हतं.
‘आधी कुत्रे होते. तीन.
आठ-नऊ वर्षं कामाची, मग कंबर जाते त्यांची.
तिसरी गेली ती डिसेंबरात. जमीन अशी गोठलेली,
कुदळ मारली की घंटेसारखी वाजायची.
शेजारी म्हणाला, एप्रिलपर्यंत थांब.
कुठे थांबू? गॅरेजमध्ये तिच्यासोबत?
घोडा तीस वर्षं जगतो. मी एकाहत्तर.
या खेपेला आधी माझा नंबर.’

आणि मग याचं कोण?
तिसरा प्रश्न जिभेवर आला
आणि तिथंच बसून राहिला, गरम बटाट्यासारखा.
कागदात तो मना नव्हता.
कागदात तो नव्हताच.

बिल झालं अकरा डॉलर चाळीस सेंट.
त्यानं नोटा मोजल्या, पाचाच्या वेगळ्या दुमडलेल्या,
दहाच्या वेगळ्या. उठला. मूठ धरली.
दाराशी थांबून म्हणाला,
‘डावीकडून बोललो की तुमचा आवाज वळतो.
आधी लांब जातो, मग समोर येतो.
तुम्ही मान फिरवता. दर वेळी.’

सातव्या वर्षी गोवर झाला होता. डावा कान गेला.
अर्जात मी लिहिलं नव्हतं. रसला ठाऊक नाही.
आईनंतर कुणालाच ठाऊक नव्हतं.
कुणी डावीकडून हाक मारली की मी हसते,
आणि लोकांना वाटतं, पोरगी मनमोकळी आहे.

मी गप्प. ट्रेवर कप किणकिणत होते,
माझ्याच हातातले.

‘मी काही विचारलेलं नाही,’ तो म्हणाला.

टर्निपनं कपाळानं दार ढकललं.
चार निळे बूट, मागोमाग दोन काळे,
दक्षिणेकडे, फुटपाथच्या खरवडलेल्या पट्टीवरून.
आत आलेला वारा मला फक्त एका बाजूनं ऐकू आला.
रसनं विचारलं, काय म्हणाला तो?
तो डावीकडे उभा होता.

मी मान फिरवली नाही. म्हटलं,
‘इकडून बोल, रस. या बाजूनं.’